गड्ड्याची उघडी पाठ

नंदाबाईला हळदीतलं कोणी शिकवायला गेलं, की ती आधी त्याच्या हाताकडे पाहायची. बोटं पिवळी नसतील तर पुढचं ऐकायचीच नाही. पुसदच्या बाजारात बेणं घेताना व्यापाऱ्यानं "मावशी, एक नंबर माल आहे" म्हटलं, तर ही गड्डा मोडून, वास घेऊन, वर त्यालाच दोन गोष्टी ऐकवून यायची. अशा बाईला तिचा पोरगा, तोही ट्रक चालवणारा, जमिनीत गड्डा कसा लावायचा हे सांगायला लागला, तेव्हा काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

भारत एकुलता एक. आजा-पणजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून मुलूख पालथा घातला होता. बाप शंकरसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावर शेती करून स्थिरावला, आणि पोरानं पुन्हा रस्ता धरला. हिमाचलातून सफरचंद भरायचं आणि नागपुरात उतरवायचं. एका नवरात्रात तो घरी आला तर सफरचंदाच्या खोक्यात सफरचंदं नव्हतीच. आल्यासारखे वाकडेतिकडे, मुळ्या लोंबणारे गड्डे होते, आणि वर कातरलेली पाती. तिकडच्या एका ढाब्याच्या मालकिणीनं दिलेले.

"आयरिस म्हणतात याले," भारत आईला म्हणाला. "दाढीवालं. खालच्या पाकळीवर पिवळी दाढी असते. आन हे साधं नाही, याडी. फागुनात फुलते अन् दिवाळीले परत फुलते. सालातून दोन डाव."

"दोन डाव जेवणारा पाहुणा पाह्यला," खाटेवरून शंकरसिंग बोलला, "दोन डाव फुलणारं झाड नाही पाह्यलं बाप्पा."

घरामागे गोठ्याची दगडी भिंत होती. तिथं सकाळपासून ऊन असायचं. भारतनं तिथं मातीचा बुटका वरंबा केला, त्यावर गड्डा ठेवला, मुळ्या दोन्ही बाजूंना पसरून दाबल्या आणि गड्ड्याची पाठ तशीच उघडी ठेवली. त्याची नवी नवरी संगीता तांब्यातून पाणी देत होती. नंदाबाई कमरेवर हात देऊन उभी.

"झालं? उघडंच?"

"उघडंच ठेवा लागते. त्याची पाठ उन्हात तापली पाह्यजे. माती ओढली तं सडते, फुलत नाही."

"तुले गाडी समजते, गड्डा मले समजते."

"बरं बाई. मंग गाडी मी चालवतो, तू फक्त गड्ड्यावर बसू नको," भारत म्हणाला, आणि संगीता तोंडाला पदर लावून हसत सुटली. सासूसमोर अशी हसते म्हणून नंदाबाईनं डोळे वटारले, पण तिलाही हसू आलंच.

होळीच्या आधी फूल आलं. तलवारीसारख्या पातीमधून दांडा निघाला आणि त्यावर जांभळं, हाताच्या पंजाएवढं फूल. तीन पाकळ्या वर, तीन खाली, आणि खालच्या पाकळ्यांवर खरोखर पिवळी दाढी. अख्खा तांडा बघून गेला. बायांनी वास घेतला, म्हाताऱ्यांनी आपल्या गालावरून हात फिरवला. नाव पडलं दाढीचं फूल. भारत तेव्हा अंबाल्याजवळ कुठंतरी होता. फोनवर व्हिडिओत फूल पाहून तो म्हणाला, "हे तं काहीच नाही. दिवाळीचं पाह्यजो."

दिवाळी त्याला बघायला मिळाली नाही. आषाढात घाटात गाडी घसरली. घरी आणलेल्या भारतला शंकरसिंगनं अंगणातच धरून ठेवलं होतं, कोणाला उचलूच देईना. शेवटी तांड्याचा नायक धरमसिंग त्याच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बसला, तेव्हा सोडलं.

त्या श्रावणात पावसानं झोडपून काढलं. एका सकाळी नंदाबाई शेण टाकायला मागे गेली, तर गड्डे पावसात उघडे पडलेले. पाठीवर थेंब आपटत होते. तिला ते बघवेना. माझं पोरगं असंच रस्त्यावर उघडं पडलं होतं, एवढंच तिच्या मनात आलं. ती खाली बसली आणि हळदीला लावतात तशी दोन्ही हातांनी भर लावली. ओंजळी ओंजळीनं माती चढवली आणि वरून थापटली, मूल थापटावं तशी. हळदीवाल्या बाईला दुसरी माया ठाऊक नसते. गड्ड्यावर जीव असला की त्यावर माती ओढायची, हेच तिनं जन्मभर केलं होतं.

त्या दिवाळीला फूल आलं नाही. फाल्गुनातही नुसती पाती आली.

वर्ष फिरलं, पुन्हा श्रावण आला. पावसानं भिंतीकडची माती धुऊन नेली आणि नंदाबाईनं पाहिलं, मातीखालचे गड्डे मऊ पडले होते, बोट लावलं की घाण वास यायचा. ज्यांची पाठ उघडी पडली होती, त्यांना मात्र बाजूनं टणक पिलं फुटली होती, हिरवीगार. ती तिथंच चिखलात बसली. भारत बरोबर बोलला होता. पोरानं एकदाच आपल्याला जमिनीतलं काही सांगितलं आणि आपण त्याच्या तोंडावर गाडीची गोष्ट फेकली! रडून झाल्यावर तिनं खुरप्यानं सगळी माती बाजूला केली, सडकं काढून टाकलं, पिलं मोकळी केली. रात्री नवऱ्याला म्हणाली, "औंदा दिवाळीले येईन पाहा." बऱ्याच दिवसांनी दोघं पोटभर जेवले.

पोळा झाला आणि संगीताचा बाप धावजी आला. सोबत नायक धरमसिंग होता. नायक सोबत आहे म्हटल्यावर नंदाबाईला कळायचं ते कळलं. धावजीनं चहा संपेपर्यंत पावसाचं, सोयाबीनचं, गुडघेदुखीचं बोलून घेतलं. मग मान खाली घालून म्हणाला, "समधीनबाई, नेरले एक पोरगा हाय. संजय नाव. एसटीच्या डेपोत मेकॅनिक हाय. त्याची बायको बिमारीनं गेली. आपली संगीता अजून लहान हाय. पण तुमी हो म्हणाल तं. तुमच्या बोलाशिवाय मी पोरीले उंबरा ओलांडू देणार नाही."

शंकरसिंगनं बायकोकडे पाहिलं. घरातले सगळे अवघड बोल तो तिच्यावरच टाकायचा, ही जुनी खोड.

आता खरं सांगायचं तर नंदाबाईला हे नको होतं. संगीता गेली की या घरात उरणार कोण? खोकणारा एक म्हातारा आणि गुडघे धरून चालणारी एक म्हातारी. सकाळी बी.पी.ची गोळी हातावर ठेवणारी ती, डोक्याला तेल लावणारी ती. आणि भारतची आठवण काढली तर जिच्यासोबत काढता येते, अशी तीच एक. पण तोंडावर नाही म्हणणार कसं? नायक बसलेला, पोरीचा बाप हात जोडून बसलेला. नंदाबाई बोलली, आणि बोलताना तिला ते खरंच वाटत होतं.

"भारतनं लावलेलं फूल दिवाळीले दुसऱ्यांदा येते म्हणून सांगून गेला तो. ते येऊ द्या. आलं तं मी समजीन, त्यानं हो म्हटलं. मंग पोरगी तुमची. नाही आलं तं मंग विषय नाही काढायचा."

"झालं तं मंग," नायक म्हणाला. "चार माणसात बोल गेला. आता मागं-पुढं होणं नाही."

दाराआड संगीता उभी होती. त्या संध्याकाळी तिनं गड्ड्यांभोवतीचं गवत वेचून काढलं.

नंदाबाईचं मन तेव्हा स्वच्छ होतं, हे तिच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. घाण झाली ती नंतर. गणपती उठल्यावर एका दुपारी ती गोठ्यात गाईला चारा टाकत होती. भिंतीपलीकडे संगीता फोनवर बोलत होती. फोनच्या त्या टोकाला नेरचा संजय असणार. संगीता म्हणाली, "मले नाही येत बाप्पा एसटीतून एकलीले, मले गाडी लागते," आणि हसली. ते तेच हसणं होतं, गड्डे लावतानाचं, पदरातून सुटणारं. वर्षभर या घरात ते कोणी ऐकलं नव्हतं.

नंदाबाईच्या हातातला चारा तसाच राहिला. माझं पोर मातीत आणि ही हसते? मग लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. हसणार नाही तर काय करणार, पंचविशीची पोरगी आहे. आणि लाज वाटूनही राग गेला नाही. संध्याकाळी संगीता दुकानात गेली तेव्हा नंदाबाईनं घमेलं घेतलं, शेताच्या बांधावरची काळी माती भरून आणली आणि गड्ड्यांवर चढवली. पहिल्या वेळी तिला समजलं नव्हतं. या वेळी सगळं समजत होतं. माती थापटताना तिनं इकडेतिकडे पाहिलं, चोर पाहतो तसं. पावसानं माती खचली की ती पुन्हा चढवायची.

दसरा गेला. तांड्यावरच्या बाया येता-जाता विचारायच्या, "काय व नंदाबाई, आलं का फूल?" ही म्हणायची, "कायचं येते! पातीच पाती हाय नुसती." नायकही एकदा डोकावून गेला. त्यानं मातीचा ढीग पाहिला, पण बिचारा कापूसवाला माणूस, त्याला काय कळणार? नंदाबाईला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण जेवण जाईना. संगीता गोळी हातावर ठेवायची तेव्हा तिच्या डोळ्यात बघणं नंदाबाईनं सोडून दिलं होतं.

दिवाळी तोंडावर आली तशी संगीताच गप्प झाली. फोन वाजला तरी उचलेना. एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "याडी, फूल नाही आलं तं नाही आलं. जिवाले लावून नको घेऊ. मी कुठी जाऊन नाही राह्यली."

हेच ऐकायचं होतं ना? हेच. पण नंदाबाईला आनंद काही झाला नाही. "बरं," एवढंच ती म्हणाली आणि चुलीत उगाच एक काडी सारली.

त्याच दिवसांत कोंबड्यांवर घालायची काड्यांची टोपली दिसेनाशी झाली आणि कोंबड्या अंगणभर सैल हिंडायला लागल्या. "डालं कुठी हाय व? मुंगूस येते ना," नंदाबाईनं विचारलं. संगीता म्हणाली, "फिरू दे त्यायले. डालं मोडलं."

पाडव्याची सकाळ. तांड्यातल्या कुवार पोरी नटूनथटून, डोक्यावर टोपल्या घेऊन, गाणी म्हणत रानात फुलं आणायला गेल्या होत्या. परत येऊन त्या घरोघर अंगणात मांडलेल्या शेणाच्या गोधनावर फुलं वाहणार होत्या. शंकरसिंग धबुकाराची तयारी करत होता. गेलेल्या माणसांच्या नावानं निखाऱ्यावर तूप आणि लापशी घालायची, एकेकाचं नाव घ्यायचं. मागच्या साली आजाचं, बापाचं नाव घेऊन तो भारतच्या नावावर अडला आणि तूप हातातच राहिलं होतं.

नंदाबाई गोधनासाठी शेण आणायला गोठ्यामागे गेली. भिंतीच्या पार टोकाला, जिथं ती कधी जात नसे, तिथं कोंबड्यांचं डालं पालथं घातलेलं होतं. वर दगड. मोडलं कुठं होतं? चांगलं धडधाकट होतं. खाली एखादी कोंबडी तर अडकली नाही ना, म्हणून तिनं दगड सारून डालं उचललं.

खाली फूल होतं.

मातीखालचा एक गड्डा वाट काढत काढत भिंतीच्या कडेकडेनं सरकला होता आणि ढिगाच्या बाहेर, दगडगोट्यात, त्याला पिलू फुटलं होतं. त्याची पाठ उघडी होती. त्यातून दांडा निघून वर एक फूल पूर्ण उमललेलं आणि खाली एक कळी. जांभळं, पिवळ्या दाढीचं. डाल्याच्या काड्यांमधून मिळेल तेवढ्या उजेडावर ते उमललं होतं.

डालं इथं कोणी आणलं, हे विचारायची गरजच नव्हती. संगीताला कळी दिसली होती आणि तिनंच ती झाकली होती. फोन उचलणं तेव्हापासूनच बंद झालं असणार. नेरला जायचं तिच्या मनात होतं. नसतं तर ती तशी हसली असती का? आणि तरी म्हाताऱ्या दोघांना एकटं टाकायला नको म्हणून तिनं आपल्या सुखावर डालं घातलं आणि वर दगड ठेवला.

नंदाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. तिनं डालं परत ठेवलं.

खोटं कशाला बोला, ठेवलं. दगडही ठेवला. फूल दोन दिवसांत सुकेल, कोणाला कळणार नाही, पोरगी घरात राहील, आणि तीही स्वतःच्या मर्जीनं. माझ्यावर बोलही येणार नाही. शेणाची पाटी उचलून ती वळली, आणि तेव्हा तिचं लक्ष खाली गेलं. डाल्याच्या कडेची जमीन ओली होती. पाऊस जाऊन किती दिवस झाले होते. संगीता रोज इथं येऊन पाणी देत होती. झाकलं होतं, पण मरू दिलं नव्हतं. आणि आपण? आपण पोराच्या हाताचं झाड जाणूनबुजून मातीखाली सडवायला निघालो होतो.

"भारत रे," नंदाबाई मोठ्यानं म्हणाली, "तुयी माय लय वाईट हाय रे." आणि तिथंच भिंतीला टेकून ती हमसून हमसून रडली.

गाण्यांचा आवाज जवळ आला. नंदाबाईनं डोळे पुसले, डालं उचलून बाजूला फेकलं, दांडा बुडाशी धरून मोडला आणि फूल घेऊन अंगणात आली. पोरी दारात पोचल्या होत्या. पुढं नायकाची नात राखी, डोक्यावरच्या टोपलीत तरोटा, कुर्डू आणि रानातली काय काय फुलं. मागं बाया, पोरं, आणि धरमसिंग नायक स्वतः.

"राखी, थांब व," नंदाबाई म्हणाली. तिनं टोपली खाली घ्यायला लावली आणि सगळ्या फुलांच्या वर ते जांभळं फूल ठेवलं. "हे माया घरचं. भारतचं दुसऱ्या बहराचं फूल. नायक, पाह्यून घ्या. चार माणसात बोल गेलता, चार माणसात फूल आलं."

"अरे वा!" नायक म्हणाला. "काल तं नाही म्हणत होत्या तुमी?"

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटाचं राहते का?" नंदाबाई म्हणाली. कोणाला काही कळलं नाही. दारात मात्र संगीता उभी होती, हातात तुपाची वाटी, आणि तिच्या तोंडचा रंगच उडाला.

फूल गोधनावर वाहिलं. मग त्यातलीच एक पाकळी शंकरसिंगनं निखाऱ्यापाशी ठेवली. आजाचं नाव घेतलं, बापाचं घेतलं. थांबला. नंदाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "भारत," तो म्हणाला, आणि तूप निखाऱ्यावर पडलं, भुर्रकन जाळ झाला. "खा बापू. तुयं फूल आलं. तू म्हणत होता तसंच आलं."

माघात संगीताचं लग्न झालं, साधंच, धावजीच्या दारात. निघायच्या आदल्या दिवशी ती सासूला भेटायला आली. नंदाबाई तिला मागं घेऊन गेली. खुरप्यानं ते भिंतीकडचं पिलू मुळासकट काढलं, पाती अर्धी कातरली आणि ओल्या फडक्यात बांधलं.

"नेरले ऊन असते ना अंगणात? उन्हात लावजो. आन त्याच्यावर माती नको ओढजो, बाई. त्याची पाठ उघडी पाह्यजे." तिनं फडक्याची गाठ आवळली. "म्या दोन डाव ओढली. पहिल्यांदा मले समजलं नव्हतं. दुसऱ्यांदा..."

"दुसऱ्यांदा मी पाह्यलं होतं, याडी," संगीता म्हणाली. "मी दुकानातून लवकर आलती. तू घमेलं घेऊन बसली होती."

"मंग बोलली काहून नाहीस?"

"तू थापटून राह्यली होती ना," संगीता म्हणाली, "मले वाटलं, पोराले थापटून राह्यली."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. दुसऱ्या दिवशी संगीता नेरच्या एसटीत बसली. गाडी लागते म्हणून नंदाबाईनं तिच्या हातात लिंबू दिलं, आणि गड्डा संगीतानं मांडीवरच ठेवला होता.

घरी येऊन नंदाबाई सरळ गोठ्यामागे गेली. राहिलेल्या मातीच्या ढिगापाशी बसून तिनं दोन्ही हातांनी माती बाजूला सारली. जे सडलं होतं ते फेकून दिलं. तळाशी एक टणक गड्डा सापडला. तिनं त्याची पाठ पदरानं पुसली आणि तो तसाच, उन्हात, उघडा ठेवला.